मेहकरची तोतरी लाईन

संकर्षण हल्लीखेडकर हा आमच्या गल्लीतला एकमेव माणूस, जो फोन उचलल्यावर 'हॅलो' म्हणत नाही. तो आधी गप्प राहतो. पलीकडचा बिचारा 'हॅलो, हॅलो' करत राहतो आणि हा कान देऊन ऐकतो. मग याचं पहिलं वाक्य येतं, "तुमच्याकडून आवाज जरा फाटायलाय का?" एकदा त्याच्या मेहुणीनं मुलगा झाल्याची बातमी द्यायला फोन केला. यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि भारावून म्हणाला, "वा! किती स्वच्छ ऐकू आलं! कुठल्या कंपनीचं आहे?" मेहुणीनं त्या दिवसापासून अबोला धरलाय.

गुलबर्ग्यात आमच्या ट्रस्टचं एक छोटं रुग्णालय आहे. संकर्षण तिथल्या कॉम्प्युटर खात्याचा प्रमुख. खात्यात तो एकटाच असल्यामुळं त्याला प्रमुख म्हणायला कुणाची हरकत नसते. वय पंचेचाळिशीच्या आसपास, अंगानं किरकोळ, पण उत्साह दोन माणसांचा. त्याला बसून बोलता येत नाही. एखादी गोष्ट सांगायला सुरुवात केली की तो खुर्चीतून उठतो, रंगात आला की चष्मा काढतो, आणि फारच रंगला की तो चष्मा समोरच्याच्या हातात देतो. आमच्या गल्लीत त्याचा चष्मा धरून उभा राहिला नाही असा माणूस सापडणार नाही.

या माणसाच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा उत्साहाचा हंगाम आला तो मेहकरमुळं.

मेहकर हे भालकी तालुक्यातलं शेतीवाडीचं गाव. तिथं आणि आसपास लकवा होऊन वाचा गेलेली बरीच माणसं होती. वाचा परत आणता येते, पण त्यासाठी रोज थोडं थोडं शिकावं लागतं, लहान मुलासारखं. आमच्या रुग्णालयात श्रीलक्ष्मी नावाची तरुण बाई हेच काम करते. शब्द हरवलेल्या माणसांकडून ती एकेक शब्द परत बोलवून घेते. पण मेहकरहून गुलबर्ग्याला येऊन एक 'पाणी' म्हणायचं आणि परत जायचं, यात आख्खा दिवस जातो. म्हणून ट्रस्टनं मेहकरात एक खोली घेतली. तिथं मोठा पडदा, कॅमेरा आणि माईक बसवला. श्रीलक्ष्मी गुलबर्ग्यात बसणार, पेशंट मेहकरात, आणि मधे एक भरवशाची लाईन.

ती लाईन निवडायला ट्रस्टची बैठक बसली. अध्यक्ष होते संकर्षणचे वडील रामाचार्य. वय ऐंशीच्या घरात, पण पाठ ताठ आणि कान त्याहून ताठ. कंपन्यांची माणसं आली. रामाचार्यांनी पहिल्याला विचारलं, "कुठले तुम्ही?"

"चिटगुप्प्याचे."

"चिटगुप्प्यात कुणाच्यापैकी?"

यानंतर अर्धा तास लाईन हा शब्द कुणी उच्चारला नाही. शेवटी असं निघालं की त्या माणसाचे आजोबा आणि रामाचार्यांचे मावसभाऊ एका स्वामींच्या पुण्यतिथीच्या, म्हणजे आराधनेच्या पंगतीत मांडीला मांडी लावून जेवले होते. झालं! उरलेल्या कंपन्यांना सरबत देऊन पाठवलं. संकर्षणनं मधेच उभं राहून विचारलं, "पण लाईन तुटली तर किती वेळात जोडून देणार? आवाज तुटणार नाही याची हमी काय?"

"अरे, घरचा माणूस आहे," रामाचार्य म्हणाले. "घरच्या माणसाला असं विचारतात का?"

घरच्या माणसानं हसून माहितीपत्रक पुढं केलं. त्यावर वेगाचा आकडा एवढा मोठा छापला होता की सगळ्यांनी माना डोलावल्या. संकर्षणचा चष्मा त्या वेळी माझ्याच हातात होता.

मेहकरच्या खोलीत पहिला पेशंट आला तो लिंगाप्पा. घराणं मूळचं मेंढरांचं, आता थोडी जिरायती शेती. गावात सांगतात, लिंगाप्पानं नाल्याच्या या काठावरून हाळी दिली की पलीकडच्या रानातली त्याची मेंढरं तर वळायचीच, पण दुसऱ्यांचीही वळायची. असा गळ्याचा माणूस. त्याला लकवा झाला. हात सावरला, पाय सावरला, पण बोलणं गेलं. तोंडात शिल्लक राहिली एक शिवी.

ती शिवी मी इथं लिहीत नाही. श्रीलक्ष्मी सांगते की असं होतं. रोजचे शब्द डोक्यात एका कपाटात असतात आणि शिव्या दुसऱ्यात, त्यामुळं एक कपाट पडलं तरी दुसरं उभं राहतं. लिंगाप्पाचं सगळं व्यवहाराचं ओझं आता त्या एकट्या शिवीवर आलं होतं. भूक लागली की तीच, चहा पाहिजे की तीच, पाहुणा आला की तीच, फक्त जरा गोड आवाजात. त्याची बायको अनसाबाई सुरावरून अर्थ लावायची. गावातल्या पोलीस पाटलाला मात्र तेवढा कान नव्हता, त्यामुळं एकदा बराच घोळ झाला. ते असो.

शिकवणी सुरू झाली. पडद्यावरून श्रीलक्ष्मीनं पाण्याच्या पेल्याचं चित्र दाखवलं. "हे काय आहे, अप्पा?"

गुलबर्ग्यात ऐकू आलं, "पा... पा... ई."

"छान प्रयत्न! परत म्हणा."

"...णी... पा."

"परत म्हणा हं."

मग शिवी यायची, आणि ती मात्र एका दमात, कडक, स्वच्छ. शिवीला जगातली कुठलीच लाईन अडवत नाही, असं संकर्षणचं मत आहे.

अनसाबाई एकदा चिडून पडद्यापुढं येऊन उभी राहिली. "बाई, बरोबर बोलायलेत की वो! 'परत म्हणा, परत म्हणा' कामून करायलाव? तुमच्या मशिनीलाच ऐकू येईना गेलंय."

श्रीलक्ष्मीनं तिची समजूत घातली. नंतर आम्हाला म्हणाली, "बायकोला नवऱ्याचं सगळं बरोबरच वाटतं हो." अशी बायको तिनं कुठं पाहिली होती, कुणास ठाऊक.

पुढच्या आठवड्यात लिंगाप्पा आलाच नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यातही नाही. अनसाबाईनं निरोप धाडला की आता घरातसुद्धा तोंड उघडत नाहीत. शिवीसुद्धा देत नाहीत. हे ऐकून श्रीलक्ष्मी घाबरली. शिवी बंद होणं ही फार वाईट खूण होती.

संकर्षण त्याच दिवशी मेहकरला गेला. निमित्त पडद्याची वायर बघण्याचं. लिंगाप्पाच्या घरी जाऊन तो अर्धा तास उभ्यानं बोलला, चष्मा काढून लिंगाप्पाच्या हातात दिला आणि तो परत घ्यायच्या निमित्तानं त्याला खोलीपर्यंत घेऊन आला. पडदा लागला. पलीकडून श्रीलक्ष्मीनं पेला दाखवला.

"पाणी," लिंगाप्पा म्हणाला.

जरा जड, जरा सावकाश, पण अगदी गोल, आख्खं, पिता येईल असं पाणी! संकर्षण त्याच्या शेजारी उभा होता. त्यानं स्वतःच्या कानानं ऐकलं. आणि पडद्यावरून श्रीलक्ष्मी प्रेमानं म्हणाली, "परत म्हणा."

संकर्षण जागच्या जागी उडाला. "अप्पा! तुम्ही तोतरे नाही! लाईन तोतरी आहे!"

लिंगाप्पानं त्याच्याकडं बघितलं आणि कित्येक दिवसांची साठलेली शिवी दिली.

"काय म्हणतायत?" संकर्षणनं विचारलं.

"हे मी कवापासून सांगायलोय म्हणतेत," अनसाबाई म्हणाली. "आन् आता आणखी एक डाव येतील. फकस्त एक डाव. मंग बी 'परत म्हणा' झालं, तर तोंडाला कुलूप."

"एवढं सगळं बोलले?"

"शिवी दिली की. अर्थ त्योच."

गुलबर्ग्यात श्रीलक्ष्मीनं हे ऐकलं तेव्हा तिचे डोळे भरले. "त्यांचं बरोबर होतं, तेच मी चूक म्हणत राहिले," ती म्हणाली. "संकर्षणदादा, पुढच्या वेळी एक अक्षर तुटलं तरी तो माणूस पुन्हा बोलणार नाही."

झालं! संकर्षणच्या अंगात वारं शिरलं. त्यानं बैठक बोलावली, आणि ती रुग्णालयाच्या जेवणघरात बोलावली.

"पंगत डोळ्यांसमोर आणा," तो म्हणाला. "तुम्ही वेग वेग म्हणता, म्हणजे काय? वाढप्याच्या बादलीचा आकार. बादली एवढी मोठी आहे की दोघांना उचलावी लागते. पण भात वाढून गेला आणि वरण आलंच नाही. तुम्ही भाताकडं बघत बसलात. मग एकदम तीन बादल्या वरण आलं आणि पानाबाहेर वाहून गेलं. एका पानावर तर कुणी वाढलंच नाही. काय करायची ती बादली? मला बादली लहान चालेल! पण वाढपी एका चालीनं आला पाहिजे, कुणाचं पान गाळलं नाही पाहिजे. आणि बोलणं आधी वाढायचं. रिपोर्ट, फोटो, फायली, त्या मंडळींनी मागच्या पंगतीला बसावं!"

पंगतीचा अपमान रामाचार्यांना सहन होत नसे. "त्या घरच्या माणसाला सांगा," ते म्हणाले, "जेवायला या, पण लाईन घेऊन येऊ नका."

आता नवी लाईन निवडायची. तीन कंपन्यांनी थोडे दिवस फुकट चालवून दाखवायचं कबूल केलं. प्रत्येकाच्या हातात वेग मोजायचं यंत्र होतं. संकर्षणनं ते बाजूला ठेवायला लावलं आणि म्हणाला, "आमचं यंत्र वेगळं आहे." आणि आतून रामाचार्यांना घेऊन आला.

रामाचार्यांनी उभं आयुष्य मुलांना स्तोत्रं शिकवली. एक मात्रा कमी पडली तरी त्यांचा उजवा हात आपोआप वर जातो; म्हणे झोपेतसुद्धा जातो. ठरलं असं की संकर्षण मेहकरात बसून स्तोत्र म्हणणार, रामाचार्य गुलबर्ग्यात ऐकणार, आणि हात किती वेळा वर गेला ते श्रीलक्ष्मी बघणार. वेळ मुद्दाम संध्याकाळची निवडली. त्या वेळी सगळं मेहकर मोबाईलवर काही ना काही बघत असतं आणि लाईनवर खरं ओझं पडतं. सकाळच्या रिकाम्या रस्त्यावर कुणीही गाडी हाकेल, असं संकर्षणचं म्हणणं.

पहिली कंपनी. रामाचार्यांचा हात वर गेला. पुन्हा गेला. मग तो खाली यायचंच विसरला. कंपनीचा माणूस म्हणाला, "आजोबा, एखादं अक्षर इकडं तिकडं होणारच."

"एखादं अक्षर इकडं तिकडं झालं," रामाचार्य म्हणाले, "तर देव तिकडं जातो आणि आपण इकडं राहतो."

दुसरी कंपनी. रामाचार्य डोळे मिटून बसले. एक श्लोक गेला, दुसरा गेला, हात मांडीवरच. आम्ही श्वास धरला. संध्याकाळच्या सगळ्या व्हिडिओंच्या गर्दीतून संकर्षणचा आवाज अलगद, सोवळ्यात चालल्यासारखा, कुणाला न शिवता येत होता. आणि अचानक हात वर गेला!

"इथं चूक आहे!"

कंपनीच्या माणसाचा चेहरा पडला. पण संकर्षणनं आवाज दोन्हीकडं साठवून ठेवला होता. मेहकरचा लावला, गुलबर्ग्याचा लावला. दोन्हीकडं तीच चूक. म्हणजे अक्षर लाईननं नाही, संकर्षणनंच गाळलं होतं.

"लाईन निर्दोष," रामाचार्यांनी निकाल दिला. "मुलगा सदोष."

वडिलांनी चारचौघांत असं म्हटल्यावर कुणीही खाली बघेल. पण मेहकरातून पडद्यावर दिसलं की संकर्षण दोन्ही हात वर करून नाचतोय. एवढ्या आनंदानं चूक मान्य करणारा मुलगा रामाचार्यांनी त्यांच्या सगळ्या वर्गांत पाहिला नव्हता.

एकच अडचण होती. "हा माणूस कुठला, ते काही लागत नाही," संकर्षण परत आल्यावर रामाचार्य त्याच्या कानात कुजबुजले. "दोन तास विचारतोय. आपल्याशी कुठूनच नातं निघत नाही."

"म्हणूनच तर करारात सगळं लिहून घेता येईल, बाबा!"

आणि संकर्षणनं खरंच सगळं लिहून घेतलं. आवाज पोचायला जास्तीत जास्त किती वेळ, किती तुकडे गळाले तर चालतील, तुटली तर किती वेळात जोडायची, न जोडली तर बिलातून काय कापायचं, सगळं. परका माणूस सही करून गेला आणि कुणाला वाईट वाटलं नाही.

पण एक लाईन पुरत नाही, जोडीला दुसरी हवी. ती वेगळ्या कंपनीची घ्यायची, म्हणजे एक पडली की दुसरी उभी. पहिल्या चाचणीतली कंपनी स्वस्तात द्यायला तयार होती. सगळे म्हणाले, घेऊन टाक. संकर्षणनं दोन्ही कंपन्यांना एकच प्रश्न विचारला, मेहकरात वायर तुटली तर खांबावर कोण चढतो? दोघांनी आपापल्या माणसाचा नंबर दिला. नंबर एकच होता.

तो नंबर बंडेप्पाचा. संकर्षणनं त्याला गाठलं तेव्हा तो एका खांबावरच होता. संकर्षण खालून ओरडला, "बंडेप्पाण्णा, दोन्ही कंपन्यांची वायर तुझ्याच खांबावर आहे का?"

"व्हय साहेब! कंपन्या लई हायत, खांब एकच हाय, आन् खांबावर चढणारा बी मी एकलाच हाय!"

"मग एक तुटली तर दुसरी चालू राहील की नाही?"

"एक कामून तुटंल? उसाची ट्रॉली काय कंपनी बघून तोडती व्हय?"

संकर्षण धावत सुटला. हंगामात भालकीच्या बाजूला उसाच्या ट्रॉल्या अशा भरतात की वरचा ऊस थेट आभाळाशी बोलतो, आणि रस्त्यावर आडव्या गेलेल्या वायरी बरोबर घेऊन कारखान्याला जातो. दोन कंपन्या घेऊन दोन्ही वायरी एका ट्रॉलीला वाहायच्या होत्या का? त्यानं उरलेली तिसरी कंपनी धरली, जिची वायरच नव्हती. पाण्याच्या टाकीवर अँटेनाची एक छोटी थाळी बसवायची, ती भालकीकडं तोंड करून बोलणार. टाकीवर चढून त्यानं ती स्वतः बघितली. खाली उतरताना त्याचा चष्मा वरच राहिला आणि बंडेप्पाला पुन्हा चढावं लागलं.

मग तो दिवस आला. लिंगाप्पाचा एक डाव.

गुलबर्ग्यात श्रीलक्ष्मीच्या खोलीत पडद्यापुढं ती, मागं रामाचार्य आणि आम्ही दोघं-चौघं. दाराबाहेर संकर्षण, मांडीवर लॅपटॉप, त्यावर दोन दिवे. एक वायरचा, एक थाळीचा. मेहकरात लिंगाप्पा धुवट धोतर नेसून खुर्चीत बसला होता. शेजारी अनसाबाई उभी. पाठीमागं दार उघडं आणि दारात एक कोंबडी.

"हे काय आहे, अप्पा?"

"पाणी."

आलं! आख्खं आलं! काना, मात्रा, श्वासासकट. श्रीलक्ष्मीनं लगेच दुसरं चित्र उचललं. "शाबास! आणि हे?"

"मेंढी."

रामाचार्यांचा हात मांडीवरच. आम्ही एकमेकांचे हात दाबत होतो. लिंगाप्पाचा चेहरा उजळत चालला होता. त्याला पलीकडून फक्त 'शाबास' ऐकू येत होतं.

"आणि हे?"

नेमकं तेव्हाच मेहकरच्या रस्त्यावरून ट्रॅक्टर धडधडत गेल्याचा आवाज आला, आणि बाहेर संकर्षणच्या लॅपटॉपवरचा वायरचा दिवा लाल झाला.

"भाकर," लिंगाप्पा म्हणाला.

भाकरीचा तुकडासुद्धा पडला नाही. वायर ट्रॉलीबरोबर कारखान्याच्या वाटेला लागली होती आणि भाकर थाळीतून आली होती, आणि आत कुणाला पत्ता नाही! बाहेर संकर्षण लॅपटॉप डोक्यावर घेऊन गोल गोल फिरायला लागला. एका नर्सनं त्याला हळूच पाणी आणून दिलं.

आत श्रीलक्ष्मीनं पुढचा फोटो उचलला. तो अनसाबाईचा होता. "अप्पा, या कोण? नाव सांगा."

शांतता.

लिंगाप्पा हलेना. पापणी हलेना. ओठ नुसते मिटलेले. एक क्षण, दोन क्षण, कितीतरी क्षण.

"अडकली!" संकर्षण दारातून आत आला. "चित्र अडकलं! थाळी पण गेली!" त्यानं बंडेप्पाला फोन लावला. "अण्णा, टाकीवर चढ! लवकर चढ! नाही, खांब राहू दे, टाकी! सगळं बुडालं, अण्णा!" त्याचा आवाज रडकुंडीला आला होता. श्रीलक्ष्मीनं फोटो खाली ठेवला. तिला दिसत होतं, मेहकरात तोंडाला कुलूप पडायला लागलंय.

"अरे," रामाचार्य म्हणाले, "लाईन अडकली असेल, तर ती कोंबडी कशी चालायलीय?"

सगळ्यांनी बघितलं. लिंगाप्पाच्या पाठीमागं कोंबडी अगदी निवांत, पाऊल उचलून पाऊल टाकत, उंबरा ओलांडत होती. लाईन चोख होती. थांबला होता तो लिंगाप्पा.

आणि अनसाबाई तोंडाला पदर लावून हसत होती.

"बाई, नाव कसं घेतील वो?" ती पदराआडून म्हणाली. "लगीन झाल्यापून कवा घेतलं न्हाई त्यांनी माझं नाव. 'आगं' म्हणायचं, न्हाईतर 'ए'. आता चारचौघांत घेतील व्हय? लाजायलेत ते!"

आमच्या लाईनींच्या एवढ्या चाचण्या झाल्या, पण लाजण्याची चाचणी कुणाला सुचली नव्हती. संकर्षण हातातल्या फोनकडं बघत राहिला. फोनमधून बंडेप्पा ओरडत होता, "साहेब, चढलो टाकीवर! थाळी तर झकास हाय! आता काय करू?"

"राहू दे अप्पा," श्रीलक्ष्मी हसत म्हणाली. "हा फोटो सोडून देऊ. दुसरं चित्र घेऊ."

पण लिंगाप्पानं हात वर केला. नको. त्यानं छातीभर श्वास घेतला, मेंढरांना हाळी देणारा माणूस घेतो तसा. खोलीत कुणी हललं नाही. कोंबडीसुद्धा थांबली.

"अन... सा," तो म्हणाला. मग थोडा थांबला, आणि पुढचं हळू, जपून ठेवल्यासारखं आलं, "बाई."

मेहकरातून निघालेलं ते नाव टाकीवरून, भालकीवरून, सगळ्या रानांवरून गुलबर्ग्यात आलं, आणि वाटेत त्यातली एक मात्राही कुठं सांडली नाही.

अनसाबाईचा चेहरा पदरात पूर्ण गेला. "आगं माय! गप बसा की वो! सगळा गुलबर्गा ऐकायलाय!"

लिंगाप्पानं कॅमेऱ्याकडं बघितलं, आणि तोंड उघडलं. आम्ही सगळे शिवीच्या तयारीत होतो.

"ऐकू दे," तो म्हणाला.